शेतकऱ्यांच्या माहितीची राखण : कार्यालयीन संगणक जाळे कसे तपासावे?

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. शेतकऱ्याच्या शासकीय नोंदीचेही तसेच आहे. पडद्यावर एक ओळख क्रमांक दिसतो. त्याच्याशी आधार, मोबाइल क्रमांक, जमिनीची नोंद आणि योजनांची माहिती जोडलेली असते. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. त्यामुळे ही माहिती हाताळणारे जाळे किती सुरक्षित आहे, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

२०२२ मध्ये पीएम-किसान संकेतस्थळाच्या प्रदेशनिहाय आकडेवारी दाखवणाऱ्या भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघड होत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने निदर्शनास आणले. त्याने जानेवारीत कळवलेली ही त्रुटी मेअखेरीस दूर झाली. आकडेवारीसाठी व्यक्तीच्या आधार क्रमांकाची गरजच नसते. तरीही तो त्या वाटेवर होता. म्हणून मूल्यमापनाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, तर माहितीच्या प्रवासापासून करावा. अर्ज कोठे भरला जातो, प्रत कोणाच्या संगणकावर राहते, यादी कोणाला पाठवली जाते आणि काम संपल्यावर ती नष्ट होते का, हे क्रमाने पाहावे.

त्यानंतर जाळ्याची तपासणी करावी. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड आहे का? बदली झालेल्याचा प्रवेश त्वरित बंद होतो का? कोणी, केव्हा, कोणती नोंद उघडली, याची लॉग-नोंद राहते का? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा लॉग-नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार सुरक्षेची वाजवी उपाययोजना न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मात्र भक्कम सर्व्हरही कार्यालयातील सवयींपुढे दुबळा ठरतो. टेबलाच्या काचेखाली ठेवलेला पासवर्ड, व्हॉट्सॲप गटात टाकलेली लाभार्थ्यांची यादी, झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली आधारची प्रत, या वाटा कोणतीही फायरवॉल अडवू शकत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी शक्य तेथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार स्वीकारावे, यादीत नाव व गावापलीकडे अनावश्यक रकाने ठेवू नयेत आणि ओटीपी केवळ शेतकऱ्याच्या समक्ष, त्याच्या संमतीनेच वापरावा. शेतकऱ्यांनीही आपली माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे निःसंकोच विचारावे. फसवणूक झाल्यास बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

माहिती सुरक्षित राहील असा भरवसा असेल, तरच शेतकरी ती अचूक देईल. आणि अचूक नोंदीवरच विमा, अनुदान व कृषी सल्ला उभा आहे.