स्वभावाला औषध आहे काय?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आम्हा डॉक्टर मंडळींना थोडी टोचणारीच आहे. स्वभावाचा काही अंश आनुवंशिक असतो, हे खरे. पण उरलेला अंश कशाने घडतो? माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या एका साध्या शब्दप्रयोगात दडले आहे : विचाराला थारा देणे.

मनात विचार येणे आणि त्याला थारा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विचार बहुधा न बोलावता येतो आणि बळेच हाकलताही येत नाही. औषध घेताना माकड आठवू नकोस, असे वैद्याने बजावले आणि रोग्याला नेमके माकडच आठवत राहिले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. १९८७ साली डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगून हेच प्रयोगाने दाखविले. तेव्हा मनात क्षणभर मत्सर डोकावला, एवढ्याने कोणी दुर्जन ठरत नाही. त्या आगंतुकाला पाट मांडून बसवायचे की उंबऱ्यावरूनच निरोप द्यायचा, एवढे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत या विकाराची जणू संप्राप्तीच सांगितली आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, तिच्यातून कामना, कामनेतून क्रोध आणि पुढे संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश. या साखळीची पहिली कडी सर्वांत निरुपद्रवी दिसते, आणि उपचारही तिथेच सर्वांत सोपा असतो.

आधुनिक मेंदूविज्ञानही याच दिशेने बोट दाखविते. एकत्र उद्दीपित होणाऱ्या चेतापेशींमधील दुवे बळकट होतात, ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पास्कुअल-लिओन यांच्या प्रयोगात काही जणांनी पाच दिवस पियानोचा सराव केवळ मनातल्या मनात केला. तरीही मेंदूतील बोटांच्या हालचालींशी संबंधित क्षेत्रात प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांसारखेच बदल आढळले. मनातील सरावही सरावच असतो! मग तिरस्काराचा सराव निष्फळ कसा ठरेल?

आपल्याच व्यवसायातील उदाहरण घेऊ. दवाखाना बंद होण्याच्या वेळी रिपोर्टांची जाडजूड फाईल घेऊन एक जुना रुग्ण येतो. ‘आला पुन्हा डोके खायला!’ हा विचार कोणाच्याही मनात येईल. तो तिथेच विरला तर बिघडत नाही. पण तोच विचार घरी जाताना घोळविला, मित्रांत विनोद म्हणून सांगितला, तर काही महिन्यांत त्या रुग्णाला विचारले जाणारे प्रश्न कमी होतात, तपासणी घाईची होते आणि जुन्या तक्रारींच्या आड लपलेले नवे लक्षण निसटते. किंमत रुग्ण मोजतो. पुढे तीच नजर दुसऱ्या रुग्णाकडे, सहकाऱ्याकडे, घरच्या माणसांकडे वळते. मग लोक म्हणतात, ‘डॉक्टरांचा स्वभावच तसा आहे.’

यावर उपाय कोणता? पतंजलींनी योगसूत्रांत प्रतिपक्षभावन सांगितले आहे. म्हणजे बाधक विचार उठला की त्याच्या विरुद्ध भावनेचे जाणीवपूर्वक चिंतन करणे. फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेली उपचारपद्धती निराळ्या वाटेने जाते. आपोआप उमटणाऱ्या विचाराला ती पुरावा विचारते. हा माणूस खरोखर त्रास द्यायला येतो, की घाबरलेला आहे? एवढा प्रश्न स्वतःला विचारून मी खुर्ची थोडी पुढे ओढतो, तेव्हा पुढचे संभाषण निराळे होते, असा माझा नित्याचा अनुभव आहे. विचाराला अशी कृतीची जोड मिळाली की तो लवकर रुजतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. नैराश्य किंवा मंत्रचळ यांसारख्या आजारांत विचारांचा मारा रुग्णाच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. तो चारित्र्याचा दोष नव्हे. तेथे उपदेश नको, उपचार हवेत.

‘वृत्ती’ या शब्दाची मला नेहमी गंमत वाटते. योगशास्त्रात वृत्ती म्हणजे चित्तात उठणारा तरंग; व्यवहारात वृत्ती म्हणजे माणसाचा स्वभाव; आणि जुन्या अर्थाने वृत्ती म्हणजे उपजीविकाही. क्षणाचा तरंग, जन्माचा स्वभाव आणि आपला व्यवसाय या तिघांना आपल्या भाषेने एकाच शब्दात गुंफले आहे. स्वभावाला औषध आहे. ते रोज, अल्प मात्रेत आणि आयुष्यभर घ्यावे लागते, इतकेच!