पाने किती धरू?

दिवाळी आटोपली, की घरोघरच्या गृहिणी फराळाचे रिकामे डबे घासून माळ्यावर टाकतात आणि मी माझी लांबोडकी वही बाहेर काढते. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. चातुर्मासात देव निजतात आणि त्यांच्याबरोबर आमचा धंदाही निजतो. तेव्हा हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास माझा फोन खणखणू लागलेला असेल, आणि 'पाने किती धरू?' हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारत असेन.

'मी लग्ने पार पाडते' असे सांगितले, की नवखी माणसे मला वधूवर सूचक मंडळवाली समजतात आणि आपल्या भाचीची पत्रिका काढून दाखवतात. मी ती नव्हे. लग्न ठरले की माझे काम सुरू होते आणि वरात निघाली की संपते. अलीकडची मुले मला 'वेडिंग प्लॅनर' म्हणतात. माझ्या सासूबाई याच कामाला 'उस्तवार' म्हणत. मला तोच शब्द बरा वाटतो. १९९७ साली धाकट्या नणंदेचे लग्न होते. मांडववाल्यापासून विहिणीच्या मानपानापर्यंत सारे माझ्या अंगावर पडले आणि ते निभावले. पंगतीत बसलेल्या एका बाईंनी हात धुता धुता विचारले, "आमच्या मुलीचं कराल का?" तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली माझे ऑफिस झाली.

या धंद्यात सारा हिशेब पानांवर चालतो. पान म्हणजे जेवणारे एक माणूस. यजमान चारशे म्हणाले, की आमचे आचारी अण्णा मनात साडेचारशे धरतात. आभाळ भरून आलेले असले तर पावणेचारशे. जिलबी उरली तर वाटता येते, मठ्ठा उरला तर कोणी विचारीत नाही. पण मसालेभात शेवटच्या पंगतीला कमी पडला, तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत पोहोचते! आणि एक कबुली आधीच देऊन टाकते. पाने वाढली, की माझा नफा वाढतो. पुढे जे सांगणार आहे ते या कबुलीशिवाय कळणार नाही.

२०११ सालची गोष्ट. शाळेतून निवृत्त झालेले एक कारकून, एकुलती एक मुलगी, स्थळ मोठे. पाने सातशे. एके संध्याकाळी ते गृहस्थ एकटेच आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, राहतं घर तारण ठेवलंय. मुलीला कळता कामा नये." मी पाण्याचा पेला पुढे केला आणि वहीत सातशे लिहिले. दुसऱ्याच्या घरच्या पैशांत आपण कशाला नाक खुपसा, असे मनाशी म्हटले. लग्न थाटात झाले. सीमांतपूजनापासून झालीपर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

तीन वर्षांनी दुसऱ्या एका लग्नाच्या कामासाठी एका हौसिंग सोसायटीत गेले. फाटकाशी वहीत नाव लिहायचे होते. वही पुढे करणारा पहारेकरी मान वर करून हसला. तेच गृहस्थ! माझी चप्पल जागीच खिळली. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची मला दिली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मठ्ठ्याची अजून आठवण काढतात हो लोक!" घर गेले होते, ते भावाकडे राहत होते. मुलगी सुखात होती. तिला काय सांगितले आहे, असे मी चाचरत विचारले. "वेळ जात नाही म्हणून नोकरी धरली, असं सांगितलंय," ते म्हणाले. त्यांच्या वहीत सही करताना माझ्या हाताला कंप सुटला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला असता, तर बरे वाटले असते.

तेव्हापासून मी एक रिवाज पाडला. इसार घेण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी, दोघांनीच माझ्याकडे यायचे. वडीलधारे कोणी नकोत. तास-दीड तास बसायचे. पोरे येतात ती शालूचा रंग, फुलांची कमान, छायाचित्रकार यांच्या याद्या घेऊन. त्या मी बाजूला ठेवते आणि विचारते, "हे पैसे कोणाचे आणि कुठून येणार?" वाचकहो, छायाचित्रकाराचा दर पाठ असलेल्या किती मुलांना आपल्या वडिलांना पेन्शन आहे की नाही हे ठाऊक नसते, हे पाहून आपण थक्क व्हाल. दुसरा प्रश्न, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून राहणार कुठे आणि कोणाबरोबर. यावर बहुधा दोघे एकमेकांकडे पाहतात. एकदा तर एक जोडपे माझ्या खोलीतच भांडले आणि खाली चहाच्या दुकानात जाऊन समेट करून परत आले. मी म्हटले, इथे भांडलात ते बरे केलेत.

तिसरा प्रश्न कागदांचा. यात हल्ली फार घोळ होतात. मुलगा परदेशी निघालेला असतो, व्हिसासाठी दाखला हवा असतो. मग 'आधी नोंदणी उरकून घेऊ, लग्न पुढच्या सुटीत' असे ठरते. अशा वेळी मी दोघांना सरळ वकिलाकडे धाडते. हिंदू विवाहाचा कायदा १९५५ चा. त्याप्रमाणे रीतीने विधी व्हावे लागतात, आणि जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पुरा होतो. विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न झाले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट सांगितले आहे. विधीवाचूनच लग्न करायचे असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे: तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार. तिथे सही केली, की लग्न झाले. पुढे मांडव घाला न घाला. एका मुलाला हे सांगितले तेव्हा तो घाबरून म्हणाला, "म्हणजे काकू, आम्ही मेपासून नवराबायको आहोत?" आहेर आणि भेटवस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनिशी ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे, तेही सांगते. रुखवताचे ताट सजवायला आठ दिवस घालवणारी घरे ती यादी करायला आठ मिनिटे देत नाहीत.

मध्यंतरी २०२० साल आले. मार्चमध्ये कार्यालयांना कुलपे लागली. वैशाखातली सगळी लग्ने वहीतून खोडली आणि घेतलेले इसार परत केले. त्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या. मग पन्नास माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास. धंदा बुडाला म्हणून मी रडत होते, आणि त्याच दिवसांत एक वधूपिता फोनवर आवाज खाली करून म्हणाला, "बाई, सरकारनं माझी अब्रू राखली." ते वाक्य मी विसरले नाही. पाने कमी करण्याची हिंमत त्यांना स्वतःहून होत नव्हती. साथ ओसरल्यावर पाने पुन्हा वाढली, शिवाय हळदीचा वेगळा मांडव आणि 'संगीत' हेही आले. रात्री दहाला भोंगा बंद करायला लावणे हे माझे नवे काम झाले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगी बँकेत, मुलगा हिंजवडीला. दोघेही समजूतदार. मुलगी म्हणाली, "बाबांनी सगळं पाहिलंय काकू. त्यांची फंडाची रक्कम आहे." वडील एस.टी.च्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पाने सहाशे.

पंधरा दिवसांनी वडील एकटेच आले. त्याच खुर्चीच्या कडेवर बसले. फंड बायकोच्या आजारपणात संपला होता, पतसंस्थेचे कर्ज राहत्या जागेवर काढायचे होते. आणि मग तेच शब्द: "मुलीला कळता कामा नये."

विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोडणे मला जमणार नव्हते, आणि गप्प बसणेही. मी म्हटले, "मी तिला सांगणार नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय हे लग्न मी वहीत लिहिणार नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही धंदा करता की पंचायत चालवता?" असे म्हणून ते तडक उठले. पायऱ्यांवर त्यांची पावले ऐकू येत होती आणि मी ऐन हंगामातल्या सहाशे पानांचा हिशेब करीत होते. अण्णांनाही ते आवडले नाही. "बाई, आपण आचारी, न्यायाधीश कधी झालो?" असे म्हणून ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

नवव्या दिवशी मुलगी आली. डोळे सुजलेले. बरोबर तो मुलगा होता. वडिलांनी सांगितले होते. मुलाने खिशातून कागद काढला: पाने एकशे चाळीस, खर्च निम्मा निम्मा, कर्ज नाही.

एवढ्यावर सारे सुरळीत झाले असते, तर ही गोष्ट सांगायला सोपी होती. मुलाची आई अडून बसली. "चाळीस वर्षं मी लोकांच्या मांडवात जेवले. आता त्यांना काय तोंड दाखवू?" हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जेवलेल्या अन्नाची परतफेड करायची असते, या समजुतीवरच तर आमच्या पंगती उभ्या आहेत. दोन बैठका झाल्या, मग मीच सुचवले, की लग्न एकशे चाळीसांत करा आणि तुमच्या आळीसाठी संक्रांतीनंतर नव्या सुनेचे हळदीकुंकू घाला. त्यांनी ते रथसप्तमीला घातले. दोनशे बायका आल्या. तिळगूळ आणि मसाल्याचे दूध, एवढाच बेत. माझा त्यात नफा काही नव्हता, पण अण्णांनी दूध आटवताना कुरकुर केली नाही, हे नमूद करायला हवे.

लग्न नीट झाले. मुलीच्या वडिलांनी कन्यादान केले, सगळ्यांची विचारपूस केली, माझी मात्र नाही. पंगत उठल्यावर मी विचारले, "तुम्ही जेवलात का?" "जेवेन," ते म्हणाले आणि दुसरीकडे वळले. हिशेबाचे पैसे त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाच्या हाती पाठवले, पैन् पै. त्यांना माझा राग आहे, आणि तो अगदीच अस्थानी आहे असे मला म्हणवत नाही. सहाशे माणसे लेकीच्या लग्नात जेवताना पाहायची त्यांची हौस मी मोडली. मुलगी अधूनमधून येते. वडिलांबद्दल विचारले, की "ठीक आहेत" एवढेच म्हणते.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. मुलीचे वडील बोलत होते. मार्गशीर्षातला मुहूर्त, कार्यालय मिळालेले आहे. "पाने साडेपाचशे धरा," म्हणाले.

"आधी दोघा मुलांना माझ्याकडे पाठवता का?" मी विचारले.

"मुलांना कशाला? पैसे तर मी देणार आहे."

"म्हणूनच," मी म्हटले.

पलीकडे जरा वेळ कोणी बोलले नाही. मग "घरी विचारून सांगतो" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. वही अजून उघडीच आहे. मार्गशीर्षाच्या पानावर तारीख लिहिली आहे; आकड्याची जागा कोरी ठेवली आहे.