सफरचंदाचा हट्ट आणि टिनावरचे कोहळे

अश्विन महिन्यात गुरुकुंज मोझरीत माणसांची दाटी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी येथेच झाले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावची माणसे येतात. काश्मीर-हिमाचलच्या बागांतील सफरचंदेही याच दिवसांत हातगाड्यांवर दिसू लागतात.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या मजुरी करणाऱ्या ताईंची आठवीतली मुलगी हट्ट धरून बसली होती. मोबाईलवर तिने अमेरिकेतला ‘ॲपल पाय’ पाहिला होता. तिकडे पानगळीच्या दिवसांत घरोघरी तो करतात. मैद्याच्या पारीत साखर-दालचिनी लावलेल्या सफरचंदाच्या फोडी भरतात आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजतात. ताई म्हणाल्या, ‘‘घरात कोहळं हाये, बोंडं करून देतो.’’

पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘बोंडं नोको वं माय. डब्यात नेले का पोरी हासतात. गरिबाचं खानं म्हनतात.’’

मला राहवले नाही. मी म्हटले, ‘‘बेटा, सफरचंद मूळचे अमेरिकेचे नाहीच. त्याचे मूळ मध्य आशियातल्या कझाकस्तानच्या डोंगरात. अमेरिकेत ते युरोपातून गेलेल्या लोकांनी सतराव्या शतकात नेले. खरे अमेरिकेचे आहे ते तुमच्या टिनावरचे कोहळे! तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी ते पिकवायला सुरुवात केली. पुढे ते समुद्रमार्गे आपल्याकडे आले. अमेरिकेत नोव्हेंबरमधल्या सणाला आजही भोपळ्याचा पाय करतात. ज्याला तू गरिबाचे खाणे म्हणतेस, ते तिकडे सणाच्या पानात असते.’’

पोरगी डोळे पुसून ऐकू लागली.

भगिनींनो, आपण वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळे म्हणतो. पिवळ्या-केशरी गरामुळे त्यातून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. ते कमी पडले तर मुलांना रातांधळेपणा येतो. सफरचंदात हे जीवनसत्त्व अगदी थोडे असते. सफरचंद वाईट नाही, आजाऱ्याला भेटायला जाताना जरूर न्यावे. पण ते परवडत नाही म्हणून आईने मान खाली घालू नये.

बोंडांची कृती अशी. अर्धा किलो कोहळ्याची साल काढून किसून घ्या. थोड्या तेलावर परता आणि झाकण ठेवून मऊ शिजवा. पाणी घालू नका, कोहळ्याला स्वतःचेच पाणी सुटते. त्यात पावभर गूळ विरघळवा. खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्या. मग चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ आणि मावेल तेवढी कणीक घाला. सैल ठेवले तर हाताने बोंडे सोडा. घट्ट मळले तर थापून पुऱ्या करा. आच मध्यम ठेवा. आच मोठी झाली तर गुळामुळे बाहेरून काळे होते आणि आत कच्चे राहते. तेलामुळे ते ‘अ’ जीवनसत्त्वही अंगी लागते. पुऱ्या दोन-तीन दिवस सहज टिकतात.

कोहळे तोडताना देठ राहू द्या. देठासकट कोरड्या जागी ठेवले तर ते हिवाळाभर टिकते. बिया धुऊन, वाळवून जपून ठेवा. मृगात दोन बिया कुडाशी लावल्या की अश्विनापर्यंत फळ हाती येते. त्याला ना वावर लागते, ना कर्ज.

त्या रात्री मायलेकींनी मिळून बोंडे तळली. दुसऱ्या दिवशी डबा शाळेत गेला. कोणी हसले की नाही, ते मी विचारले नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, ‘‘माय, उद्या चार जास्तीचे दे वं. पोरी मांगून राह्यल्या.’’

लेकरांना सफरचंद जमेल तेव्हा द्या. पण घरच्या खाण्याची लाज मात्र देऊ नका.