नाव बदलावे, पण पाहुण्याच्या सोयीसाठी

पत्ता खरे तर त्या पत्त्यावर राहणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. आपले घर आणि आपली पेढी कोठे आहे, हे आपणांस ठाऊकच असते. पत्ता लागतो तो प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला, परगावाहून खरेदीस आलेल्या व्यापाऱ्याला, टपाल वाटणाऱ्याला आणि अपरात्री रुग्णवाहिका घेऊन निघालेल्या चालकाला. म्हणून रस्त्याचे नाव सोयीचे आहे की नाही, हे परक्या माणसाच्या दृष्टीने ठरवणे उचित होय.

आपल्याकडे रस्त्यांची नावे बहुधा गौरवासाठी बदलली जातात. थोरांचे स्मरण राहावे हा हेतू आदरणीयच आहे. परंतु केवळ गोंधळ दूर व्हावा म्हणूनही नावे बदलता येतात, आणि त्याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराने घालून दिले आहे. १८८९ मध्ये भोवतालच्या अनेक वसाहती या शहरात विलीन झाल्या. प्रत्येक वसाहत आपली जुनी रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक बरोबर घेऊन आली. परिणामी एकाच नावाचे अनेक रस्ते झाले, आणि एकच सरळ रस्ता मध्ये तुटला की पुढे वेगळ्या नावाने ओळखला जाऊ लागला.

या गोंधळावर उपाय सुचवला तो एका व्यापारी घरातील माणसाने. एडवर्ड ब्रेनन यांनी तरुणपणी वडिलांच्या किराणा दुकानाचा माल घरोघरी पोहोचवला होता आणि पुढे वाद्यविक्रीच्या एका पेढीसाठी वसुलीचे काम केले होते. पत्ता न सापडल्याने होणारा तोटा त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९०१ मध्ये त्यांनी आपली योजना मांडली. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जेथे मिळतात तो चौक आरंभबिंदू मानावा, तेथून चारी दिशांना मैलाला ८०० या प्रमाणात क्रमांक द्यावेत, एका सरळ रेषेतील रस्त्याला एकच नाव असावे आणि दुबार नावे काढून टाकावीत, असे तिचे स्वरूप होते. १ सप्टेंबर १९०९ पासून नवी क्रमांकपद्धती लागू झाली. मध्यवर्ती व्यापारी भागात ती १९११ मध्ये आली. नावांची दुरुस्ती त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली. आज तेथे घरक्रमांक १६०० उत्तर असा असेल, तर ते ठिकाण मॅडिसन रस्त्यापासून दोन मैलांवर आहे, हे नवख्या माणसालाही सहज कळते.

मुंबईत गोंधळाचे कारण बरेचसे हेच आहे. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली. महात्मा गांधींचे नाव असलेला रस्ता फोर्टमध्ये आहे, तसाच तो घाटकोपरला, गोरेगावला आणि कांदिवलीलाही आहे. उपनगराचे नाव लिहायचे राहिले की पत्ता अर्धाच राहतो. दुसरा गोंधळ जुन्या-नव्या नावांचा. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाचा ग्राहक आजही लॅमिंग्टन रोड विचारतो, आणि पाटीवर त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसतो. दोन्ही नावे एकाच रस्त्याची आहेत, हे बाहेरगावच्या माणसाला कोण सांगणार?

सोयीसाठी केलेला बदल लोक किती सहजपणे स्वीकारतात, याचा अनुभव मुंबईकरांना दादर स्थानकात आला आहे. तेथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट १ पासून सुरू होत. त्यामुळे नवखा प्रवासी हमखास भलत्याच फलाटावर जाई. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ असेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले. बांधकाम न करता, केवळ क्रमांक बदलून हे साधले. त्याआधी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडनेही हेच कार्य देशभर केले. एकसारख्या गावनावांवर सहा आकड्यांचा हा उपाय योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे नामवंत कवी होते.

व्यापारी कुटुंबांसाठी हा विषय केवळ सोयीचा नाही, पैशाचाही आहे. धनादेश न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते. पत्ता संदिग्ध असेल, तर नोटीस परत येते आणि वाद तेथूनच सुरू होतो. याउलट, नाव बदलण्याचाही खर्च असतोच. दुकानाची पाटी, पावतीपुस्तके, परवाना, बँकेतील केवायसी, विमा आणि जीएसटी नोंदणी या सर्वांत दुरुस्ती करावी लागते. म्हणून नामांतर वारंवार होऊ नये. एकदाच व्हावे आणि विचारपूर्वक व्हावे.

आपल्या बाजारपेठेतील रस्त्याच्या नामांतराचा प्रस्ताव येईल, तेव्हा व्यापारी संघाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, सुचवलेले नाव त्याच शहरात अन्यत्र नाही, याची आधी खातरजमा व्हावी. दुसरी, एका नावाचे दोन रस्ते असतील, तर ज्याचे नाव बदलल्याने कमी लोकांची गैरसोय होईल, त्याचेच बदलावे. तिसरी, नव्या पाटीवर जुने नाव व पिनकोड निदान काही वर्षे तरी असावा. महापुरुषाचा गौरव आणि पाहुण्याची सोय यांत विरोध नाही. एका शहरात एका थोर व्यक्तीच्या नावाचा एकच रस्ता असेल, तर दोन्ही साधतात.

आपल्या बाजूनेही एक काम आजच होण्यासारखे आहे. आपले बिल, लेटरहेड, बँकेचे खाते आणि जीएसटी नोंदणी समोर ठेवून चारही ठिकाणचा पत्ता ताडून पाहावा. जेथे तो जुळत नाही, तेथे नोटीस, माल किंवा माणूस कधीतरी अडणारच. ती दुरुस्ती महापालिकेची वाट न पाहता करता येते.