आबांच्या पेट्या

मुलांनो, घरात मधाची बाटली असेल तर आधी ती घेऊन या बरं! आणलीत? आता उजेडात धरून बघा. थंडीचे दिवस असतील तर कदाचित तळाशी पांढरट, रवाळ थर दिसेल. तो बघून कुणीतरी म्हणेलच, "बघा, साखर मिसळलीय मेल्यांनी!" थांबा. एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. मधात मुळातच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साखरा असतात. गारठ्यात त्यातल्या ग्लुकोजचे बारीक बारीक स्फटिक होतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मध पुन्हा पातळ होतो.

हे मला शिकवलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती, आता अकरावीला आहे. तिचं नाव मी इथं देत नाही, तिला ते आवडायचं नाही. गावात सगळे तिला 'मधवाली' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आमचं गाव महाबळेश्वरच्या डोंगराच्या कुशीत. या भागात मधमाश्या पाळणारी पुष्कळ घरं आहेत. त्यांना मधपाळ म्हणतात. याच तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते तुम्ही वाचलं असेल. मधवालीचे आजोबा, म्हणजे आबा, जुने मधपाळ. त्यांच्या बारा पेट्या होत्या. घरामागच्या उतारावर, जांभळीच्या सावलीत, दगडांवर मांडलेल्या.

आता पेटी म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडची सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, कपारीत, वारुळात अंधारात राहते. एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. पूर्वी मध काढायचा म्हणजे पोळंच कापायचं. अंडी, अळ्या सगळ्यांचा नाश! मग १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. दोन पोळ्यांच्या मध्ये साधारण ६ ते ९ मिलीमीटर जागा ठेवली, तर माश्या ती बुजवत नाहीत, जायला-यायला मोकळी ठेवतात. (काढा पट्टी, बघा किती होते ते!) एवढ्याशा फटीच्या हिशेबावर त्यानं सुट्या चौकटींची पेटी तयार केली. चौकट उचला, मधयंत्रात घालून गरगर फिरवा, मध बाहेर येतो. पोळं जसंच्या तसं परत पेटीत. खालच्या मजल्यावर पिल्लं, वरच्या मजल्यावर मध. वरचा मजला माणसाचा, खालच्याला हात लावायचा नाही.

मधवाली तिसरीत असल्यापासून आबांच्या मागं मागं उतारावर जायची. शाळेत यायची ती कधी गाल सुजलेला, कधी डोळा मिटलेला! पण आबा गेले तेव्हा ती आठवीत होती, आणि काम तिला सगळं येत होतं असं मुळीच नव्हतं. धूर कसा द्यायचा, चौकट कशी धरायची हे हाताला माहीत होतं. कधी काय करायचं, हे मात्र आबांच्या डोक्यात होतं.

वडील म्हणाले, "पेट्या विकून टाकू. बघणार कोण?" त्यांची शेती आणि मोलमजुरी, त्यांचं तरी काय चुकलं? ही म्हणाली, "एक वर्ष द्या मला." आज्जीनं तिची बाजू घेतली, म्हणून पेट्या राहिल्या. तोवर बारापैकी सातच भरलेल्या होत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात जांभूळ आणि हिरडा भरभरून फुलला. मे महिन्यात मधवालीनं सातही पेट्यांचा मध काढला. वरचा मजला तर रिकामा केलाच, पण खालच्या चौकटींच्या कडेला माश्यांनी साठवलेला मधही काढून घेतला. वडिलांना दाखवायचं होतं ना, धंदा होतो म्हणून! पैसे आले, घरात कौतुक झालं.

मग पाऊस लागला. आमचा पाऊस म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंतच. आठ-आठ दिवस माशीला पेटीबाहेर पडता येत नाही. फूल नाही, मकरंद नाही. साठवलेलं खायचं, तर ते यानं नेलेलं! माशी कमजोर झाली की पोळ्यात मेणकिडा शिरतो. ऑगस्टमध्ये पेट्या उघडल्या तेव्हा चार पेट्यांतल्या माश्या निघून गेल्या होत्या. चौकटींवर मेणकिड्यांची नुसती जाळी. एका पेटीच्या तळाशी मूठभर मेलेल्या माश्या. ती तशीच भिजत उतारावर बसून राहिली होती, असं आज्जीनं मला सांगितलं.

त्या रात्री आज्जीनं फडताळातून आबांची वही काढून दिली. जाड पुठ्ठ्याची, मेणाचे डाग पडलेली. मी ती पाहिली आहे. आबा चौथी शिकलेले, अक्षर मोठं मोठं, तारखा सगळ्या तिथीच्या. "आषाढ. पाऊस उघडत नाही. चार नंबरला साखरपाणी दिले." "वैशाख. मध काढला. माशीचा वाटा ठेवला." हे 'माशीचा वाटा ठेवला' दर वैशाखात आहे. एकही वर्ष सुटलेलं नाही. आबा तोंडानंही म्हणायचे, "आधी माशीचं, मागनं आपलं." तिनं ते शंभरदा ऐकलं होतं, पण तिला वाटायचं, म्हातारी माणसं बोलतात तसंच काहीतरी!

उरलेल्या तीन पेट्यांना तिनं त्या पावसाळ्यात साखरेचं पाणी देऊन जगवलं. हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका वृद्ध मधपाळाला सोबत घेऊन ढोलीतल्या दोन वसाहती पकडल्या. हे काम फार नाजूक. पोळी हळूच सोडवायची, केळीच्या सोपटाच्या धाग्यांनी चौकटीला बांधायची, आणि राणीमाशी सापडेपर्यंत जिवाला घोर. राणी पेटीत गेली की बाकीच्या माश्या आपोआप येतात. ते मधपाळ पैसे घेईनात. म्हणाले, "तुज्या आबानं मला पहिली पेटी फुकट दिली हुती."

पालकांनो, आता थोडा हिशेब. मला तो आवडतो, कारण गणिताच्या तासाला मी तो चौथीला घालते! पुढच्या वर्षी चार पेट्यांतून प्रत्येकी ५ किलो, म्हणजे २० किलो मध निघाला. पाव किलोच्या ८० बाटल्या. एक बाटली १८० रुपयांना, म्हणजे १४,४०० रुपये. त्यातून रिकाम्या बाटल्यांचे १२००, लेबलांचे २४०, आणि माश्यांना घातलेल्या १२ किलो साखरेचे ५४० वजा करा. किती उरले? उत्तर तुम्हीच काढा. मात्र साखरेचा खर्च सोडू नका. ती सोडतात तेच पावसाळ्यात फसतात. अन्नपदार्थ विकायला सरकारी नोंदणी लागते, ती वडिलांच्या नावानं काढली आहे.

रस्त्यावरच्या एका दुकानदारानं तिला सांगितलं होतं, "मध जरा लवकर काढ, जास्त भरतो." भरतो खरा! माशी मकरंद आणते तेव्हा तो पाण्यासारखा असतो. पंखांनी वारा घालून ती तो आटवते आणि पिकला की घरावर मेणाचं झाकण लावते. झाकण लागायच्या आत काढलेला मध पातळ असतो, तो पुढे आंबतो. आबांच्या वहीत त्याला एकच शब्द आहे, "कच्चा". तिनं त्या दुकानाला मध दिला नाही.

तिची खरी परीक्षा जानेवारीत झाली. पुण्याच्या एका कुटुंबानं डझनभर बाटल्या नेल्या होत्या. थंडीत मध रवाळ झाला आणि त्यांनी फोन करून 'साखरेचा पाक विकतेस' म्हणून सुनावलं. तिनं वाद घातला नाही. बाटल्या परत घेतल्या, सगळे पैसे दिले. त्या महिन्यात ट्रंकेत काही उरलं नाही. मग वहीत शोधलं, तर होतंच: "माघ. मध थिजला. गिऱ्हाइकाला आधी सांगून द्यावे." तेव्हापासून लेबलवरच छापलेलं असतं, 'थंडीत रवाळ होतो, कोमट पाण्यात ठेवा'. त्याच्याखाली तिनं आणखी एक ओळ घातली आहे, ती आरोग्यसेविकेनं सांगितलेली: 'एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये'. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवायची पद्धत आहे, पण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. ही ओळ वाचून काही गिऱ्हाइकं बाटली खाली ठेवतात. ठेवू देत!

आणि हो, कागदावर थेंब टाकणं, पाण्यात मध सोडून बघणं, कुत्रं खात नाही म्हणणं, या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. शुद्धता कळते ती प्रयोगशाळेत.

आज तिच्या नऊ पेट्या भरलेल्या आहेत. परवा भेटली तेव्हा बोटांवर वर्षं मोजत होती. कशाची? कारवीची! आमच्या डोंगरात ही झुडपं साधारण सात वर्षांनी एकदाच, एकदम सगळी फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. कारवीचा मध त्या एकाच हंगामात मिळतो. मागच्या फुलोऱ्याची तिथी वहीत आबांच्या अक्षरात आहे. त्याच पानावर त्यांनी लिहून ठेवलंय, "पुढच्या वेळी पेट्या जास्त लागतील." म्हणून तिनं सुताराला चार नव्या पेट्या सांगितल्या आहेत, आणि मापाला आबांची तीन नंबरची पेटी नेऊन दिली आहे.