बॉयलरचे पाणी

बॉयलरला खरा धोका जाळाचा, असे आपण सहज समजतो. परंतु पुष्कळ बॉयलर बाहेरच्या जाळापेक्षा आतल्या पाण्यानेच निकामी होतात. रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले, हिमालयातील थंड गावांतल्या मोठ्या इमारती, अशा अनेक ठिकाणी गरम पाण्याचे बॉयलर चालतात. त्यांतील पाण्याची निगा कशी राखावी, हे समजून घेण्यासारखे आहे.

विहिरीच्या पाण्याचा बंब ज्यांनी कधी आतून घासला असेल, त्यांना पहिल्या शत्रूची ओळख करून द्यावयास नको. बंबाच्या आत पांढरट, चिवट पूट धरते. जमिनीतून झिरपताना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात सामावून घेते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून त्याला दुष्फेन म्हणतात. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियमच्या या क्षाराची रीत उलटी. पाणी तापले की बायकार्बोनेटचे कार्बोनेट बनते आणि ते नेमके सर्वांत तापलेल्या पत्र्यावर जाऊन बसते. हे पूट उष्णता अडविते. त्यामुळे जळण अधिक लागते, हा तोटा त्या मानाने लहान. पाण्याच्या स्पर्शाला मुकलेला पत्रा प्रमाणाबाहेर तापून अखेर तडकतो, हा धोका मोठा.

यावर उपाय जुने आहेत. १८४१ साली थॉमस क्लार्क यांनी चुन्याच्या साहाय्याने हे क्षार खाली बसविण्याची पद्धत काढली. पुढे १९३५ साली इंग्लंडमध्ये ॲडम्स व होम्स यांनी कृत्रिम राळेचा उपयोग दाखवून दिला. या राळेच्या बारीक कणांतून पाणी गेले की कॅल्शियम राळेत अडकतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतो. राळ थकली की मिठाच्या पाण्याने धुऊन ती पुन्हा ताजी करता येते.

मात्र पाणी सुफेन झाले म्हणजे काम संपले, असे मानू नये. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ८ मिलिग्रॅम असतो. उघड्या भांड्यात पाणी तापविले की तो बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. बंद बॉयलरमध्ये त्याला वाट नसते, म्हणून तो पोलादाला खाऊ लागतो. तोही सर्वत्र सारखा नव्हे. देवीच्या व्रणांसारखे खोल खड्डे पाडून. एकंदर पत्रा जाड दिसत असतो आणि एका टिंबाएवढ्या जागी त्याला आरपार भोक पडलेले असते.

यासाठी पाणी आधीच तापवून त्यातील वायू काढून टाकतात, किंवा त्यात सोडियम सल्फाइट घालतात. एक भाग प्राणवायू नाहीसा करण्यास ते सुमारे ८ भाग लागते. शिवाय पाणी आम्लधर्मी होऊ न देता थोडे अल्कधर्मी राखतात; पोलादाला ते मानवते. यंत्रात ॲल्युमिनियमचे भाग असतील तर मात्र जास्त अल्कही घातक ठरते.

शिळे पाणी ओतून ताजे भरावे, हा आपल्या घरांतील चांगला नियम. तेच ते पाणी फिरविणाऱ्या बंद यंत्रणेत तो नेमका उलटा करावा लागतो. पहिल्या भरणीतील प्राणवायू थोड्या काळात संपतो, पोलादावर काळसर लोहभस्माचा पातळ थर चढतो आणि तोच पुढे त्याचे रक्षण करतो. कोठे गळती असली की तितके ताजे पाणी आत येते आणि त्याबरोबर नवा प्राणवायू व नवे क्षारही. म्हणून भरणीच्या नळावर एक मीटर बसवावा. त्याचा आकडा वाढू लागला तर औषध वाढविण्याआधी गळती शोधावी. स्नानाचे व पिण्याचे पाणी मात्र वेगळ्या नळीतून तापवावे; बॉयलरमधील औषधी पाण्याचा त्याला स्पर्श होता कामा नये.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढल्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. १९२३ चा अखिल भारतीय कायदा शंभर वर्षे टिकला. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु १०० अंशांच्या आत पाणी तापविणारी यंत्रे या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे रुग्णालयाच्या किंवा वसतिगृहाच्या अशा बॉयलरकडे त्या कायद्याखाली कोणी निरीक्षक येणार नाही. तेथे निरीक्षकाचे काम व्यवस्थापकाने आणि बॉयलर चालविणाऱ्या कामगारानेच करावयाचे. मीटरचा आकडा, पाण्याची अल्कता आणि दुष्फेनता नियमाने एका वहीत टिपून ठेवणे, एवढ्या साध्या शिस्तीने यंत्राचे आयुष्य वाढते आणि त्याच्याजवळ वावरणाऱ्या माणसांचे जीवित सुरक्षित राहते.