दुर्गाघाटाची जमीन, गंगेचे पाणी

गोदाकाठच्या कायगावाहून काशीस येऊन स्थायिक झालेले पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्यामधील दुर्गाघाट दगडी बांधून काढला, ही हकिकत काशीतील मराठी वसाहतीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. परंतु घाटाची जागा त्यांनी तेथील मच्छीमार समाजाकडून विकत घेतली होती, हा तपशील त्यात ओझरताच येतो. वास्तविक तोच अधिक महत्त्वाचा आहे. जमीन विकत घ्यावी लागते ती मालकाकडून. म्हणजे नदीकाठच्या या पट्ट्यावर या मच्छीमारांचा, म्हणजेच मल्लाहांचा, हक्क आहे, हे त्या काळच्या सत्तेच्या इतक्या निकट असलेल्या पुरुषालाही व्यवहारात मान्य करावे लागले होते. पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी वाडे उभे राहिले आणि मल्लाहांकडे मुख्यतः पाणी उरले.

मल्लाह, केवट, बिंद इत्यादी नदीजीवी जाती आज स्वतःला निषाद या एका नावाखाली एकत्र मानतात. उत्तर प्रदेशात त्यांची गणना अनुसूचित जमातींत नव्हे, तर इतर मागासवर्गांत होते. तथापि जंगलाशी आदिवासींचे जे नाते, तेच या समाजाचे नदीशी आहे, कारण नौका, मासळी, वाळू आणि पात्रातील शेती या चारही गोष्टींवर त्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोणत्या घाटावरून कोणी नाव चालवायची, हेदेखील परंपरेने ठरलेले असते. असा वारसाहक्क असलेल्या नावाड्यास घाटवार म्हणतात, आणि ज्यांना तो नाही ते दुसऱ्याच्या नावेवर मजुरी करतात. मानववंशशास्त्रज्ञ असा डोरॉन यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काशीच्या नावाड्यांच्या या व्यवस्थेचा आणि शासनाशी चाललेल्या त्यांच्या झगड्याचा अभ्यास मांडला आहे. ही व्यवस्था समतेची आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती व्यवस्था आहे, आणि कायद्याने तिची दखल क्वचितच घेतली. १८७८ च्या उत्तर भारत नौकाघाट कायद्याने सरकारला कोणताही उतार सार्वजनिक ठरवून त्याच्या वसुलीचा लिलाव करण्याचा अधिकार दिला, तर आज नाव चालवण्यासाठी नगर निगमाचा परवाना लागतो. जो वहिवाटीने हक्कदार होता, तो अशा रीतीने परवानाधारक झाला.

घाटांच्या समोरचा, पूर्वेकडचा काठ म्हणजे पावसाळ्यानंतर उघडी पडणारी विस्तीर्ण रेती. पाणी ओसरले की तीत चर खणायचे, खालची ओल लागली की त्यांत शेणखत भरून खरबूज, ककडी यांचे बी लावायचे आणि पुढच्या पुराआधी, जेठाच्या उन्हात, पीक काढून घ्यायचे, अशी ही शेती आहे. महाराष्ट्रात नदीपात्रातील कलिंगडाच्या वाड्या लावणाऱ्या भोई समाजाला ती परकी वाटणार नाही. दर वर्षी जमीनच नव्याने घडत असल्यामुळे येथे बांध टिकत नाही. कोणाचा वाटा कोठवर, हे आपसातल्या समजुतीनेच ठरते आणि सातबारा मागणाऱ्या व्यवस्थेला ते दिसत नाही.

या अदृश्यतेची खरी किंमत १९८९ नंतर कळली. गंगा कृती योजनेचा भाग म्हणून रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा प्रवाह, ज्यात दुर्गाघाटही येतो, कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. सारनाथच्या केंद्रात वाढवलेली कासवे पात्रात सोडावीत आणि त्यांनी अर्धवट जळालेली प्रेते खाऊन नदी निर्मळ करावी, अशी कल्पना होती. अभयारण्य झाल्यामुळे मासेमारी आणि वाळूउपसा या दोहोंवर बंदी आली. नाल्यांतून येणारे शहराचे सांडपाणी मात्र गंगेत मिसळतच राहिले, म्हणजे प्रदूषणाचा मोठा उगम मोकळा राहिला आणि ज्यांचा त्यातला वाटा सर्वांत कमी, त्यांच्या पोटावर निर्बंध आले. हा अन्याय स्पष्ट शब्दांत अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे. त्याहून बोलकी गोष्ट अशी की हळदिया ते प्रयागराज या १,६२० किलोमीटरच्या राष्ट्रीय जलमार्गाचा विकास सुरू झाल्यावर २०२० मध्ये हेच अभयारण्य रद्द करण्यात आले. नावाड्यांच्या तक्रारींनी जे तीन दशकांत झाले नाही, ते मालवाहतुकीच्या गरजेने झाले.

दरम्यान २०१८ मध्ये अलकनंदा ही पर्यटन नौका आली आणि आपल्या धंद्यावर गदा येईल म्हणून नावाड्यांनी आंदोलन केले. २०२१ मध्ये समोरच्या रेतीतून सुमारे ५ किलोमीटरचा कालवा खणला गेला, तो त्याच पावसाळ्यात पुराने गिळला. रेती पुरानंतर कशी बसते, हे तिच्यावर वाडी लावणाऱ्यांना कोणी विचारले असते, तर तो खर्च वाचला असता. २०२३ च्या आरंभी त्याच काठावर पर्यटकांसाठी तंबूनगरी उभी राहिली, जिची दखल पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घेतली.

याहून वेगळे काही घडू शकते, याची उदाहरणे आहेत. बिहारमध्ये सुलतानगंज ते पीरपैंती या टापूत गंगेच्या प्रवाहावर पानीदार म्हणवणारे जमीनदार मच्छीमारांकडून वसुली करीत; १९८२ मध्ये कहलगाव येथे सुरू झालेल्या गंगा मुक्ती आंदोलनाने ती पद्धत १९९० च्या दशकाच्या प्रारंभी संपवली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीचा निर्णय ग्रामसभेच्या हाती आला. त्याच २००६ च्या कायद्यात जलाशयातील मासळीवरील सामूहिक हक्काचाही उल्लेख आहे. मात्र त्याचा आधार वनभूमी हा आहे, आणि शहराला लागून वाहणाऱ्या नदीच्या पात्रासाठी, तेथील वहिवाटीसाठी, तसा कायदा देशाने अद्याप केलेला नाही.

निषादांच्या राजकारणाने आजवर मुख्यतः दुसरी वाट धरली आहे. मल्लाह, केवट, बिंद यांच्यासह १७ जातींना अनुसूचित जातींचा दर्जा देण्याचे राज्य सरकारचे आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केले, कारण राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार त्या यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. ती मागणी रास्तच आहे आणि ती मान्य झाली तर शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षण मिळेल; परंतु घाटवाराची वहिवाट, रेतीतील वाडी आणि प्रवाहातील मासळी यांचा निर्णय तेव्हाही परवाना देणारी पालिका, खनिज विभाग आणि जलमार्ग प्राधिकरण यांच्याच कार्यालयांत होत राहील.